पडद्यावरील भेटींचा शीण

दूर असलेल्या माणसाचा आवाज ऐकावा आणि जमल्यास त्याचें मुखही पाहावें, ही इच्छा फार जुनी आहे. ती पुरी करणारें साधन आज बहुतेकांच्या खिशांत आहे. आणि नवल असें कीं, त्या साधनाचाच माणसाला शीण येऊं लागला आहे. कचेरींतील मनुष्य दिवसाची चौथी व्हिडिओ-बैठक संपवून उठतो, तेव्हां अंगमेहनत कांहींच झालेली नसते, तरी तो गळून गेलेला असतो. या शिणाचीं मुळें शोधावयाचीं तर थोडें मागें जावें लागेल.

देवगड तालुक्यांतील मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गांवांतून मुंबईस गेलेल्या चाकरमान्याची खुशाली एके काळीं पत्रानेंच कळे. पत्र आलें कीं पडवींत चार माणसें जमत आणि मजकूर संपला तरी गजाल चालूच राही. मालवणी मुलखांतील ही गजाल बारकाईनें पाहण्यासारखी असते. बोलणारा सुपारी कातरीत असतो. ऐकणारीचे हात झावळीचे हीर काढण्यांत गुंतलेले असतात. दृष्टि कधीं एकमेकांकडे, कधीं वाटेकडे. कोणी कोणाकडे टक लावून बसत नाहीं. म्हणूनच ती तासन् तास चालते, आणि उठतांना माणसें थकलेलीं नसतात, ताजींतवानीं असतात.

आतां १९२७ सालाकडे वळूं. त्या वर्षीं ७ एप्रिल रोजीं अमेरिकेचे तत्कालीन व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर वॉशिंग्टनमध्यें बोलले, आणि न्यूयॉर्कमधील मंडळींनीं त्यांचा आवाज ऐकतां ऐकतां त्यांचें हलतें चित्रही पाहिलें. त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. एकाच वर्षीं दोन वाटा फुटल्या, एक मुखाची, दुसरी कानाची. नभोवाणी श्रोत्यांपाशीं कानाखेरीज कांहींच मागत नाहीं. हें भाषण ऐकतांना आपणांपैकीं कोणी भाजी निवडीत असेल, कोणी आरामखुर्चींत डोळे मिटून पडलें असेल; त्यांत वक्त्याचा मुळींच अपमान नाहीं.

मुखाची वाट मात्र खडतर ठरली. १९३० सालीं न्यूयॉर्कमध्यें दोन्ही बाजूंनीं एकमेकांस पाहत बोलण्याचा प्रयोग झाला. १९३६ सालीं बर्लिन व लाइपझिग या शहरांमध्यें अशी सार्वजनिक सोय झाली. १९७० सालीं पिट्सबर्ग येथें अमेरिकन टेलिफोन कंपनीनें ‘पिक्चरफोन’ विक्रीस आणला. त्याचें भाडें महिना १६० डॉलर. कंपनीच्या आशा मोठ्या होत्या, पण गिऱ्हाईक लाभलें नाहीं. किंमत भारी होतीच. शिवाय घंटा वाजतांच आपला चेहरा दुसऱ्यापुढें धरावा, ही कल्पना पुष्कळांना रुचली नाहीं.

पुढें अर्धशतकानें जें लोकांनीं खुशीनें घेतलें नव्हतें, तें निरुपायानें घ्यावें लागलें. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. शाळा, कचेऱ्या, सभा साऱ्या पडद्यावर गेल्या. २०११ सालीं निघालेल्या ‘झूम’ कंपनीच्या बैठकींत डिसेंबर २०१९ मध्यें दररोज सुमारें १ कोटि लोक हजर असत. एप्रिल २०२० मध्यें ती हजेरी ३० कोटींवर गेली. कोंकणांत तर आधीं संदेशलहरींचा शोध, मग शिक्षण, असा प्रकार झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यांतील एक विद्यार्थिनी मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पाठ भर पावसाळ्यांत डोंगरावरील झोपडींत बसून ऐकत होती. तिच्या चिकाटीचें कौतुक करावें तितकें थोडें. पण अशा चिकाटीवर रोजची शाळा चालवावयाची नसते.

या शिणाची मीमांसा स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनीं फेब्रुवारी २०२१ मध्यें केली. त्यांनीं चार कारणें दिलीं. अनेक चेहरे अगदीं जवळून आपल्याकडे रोखलेले दिसतात. स्वतःचें मुखही सतत समोर राहतें. देह एका चौकटींत जखडला जातो. आणि सहज होणारे मानेचे, हाताचे इशारे मुद्दाम करावे व ओळखावे लागतात. दिवसभर आरसा हातीं धरून काम करावयास कोणास सांगितलें, तर तो कितीसा टिकेल? त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत १०३ नोकरवर्गीयांचें चार आठवडे निरीक्षण केलें होतें. कॅमेरा उघडा ठेवल्यानें थकवा वाढतो आणि तो स्त्रियांना व नव्या नोकरांना अधिक जाणवतो, असें त्यांत दिसून आलें. ज्यांच्यावर ‘नीट दिसण्या’चें ओझें जास्त, त्यांनाच शीण जास्त, हें उघड आहे.

म्हणजे आपल्या पडवींतल्या गजालींत जें जें होतें, तें तें या बैठकींत हरवलें आहे. तेथें नजरेला मोकळीक होती, हाताला चाळा होता, देहाला हालचाल होती. येथें तिन्ही बांधलेलीं आहेत. दोष भेटीचा नाहीं, तिच्या मांडणीचा आहे.

यावरून तें साधन टाकून द्यावें, असें कोणी म्हणणार नाहीं. परदेशीं असलेल्या नातवाचें मुख गांवच्या आजीला दिसतें, हें सुख लहान नव्हे. परंतु प्रत्येक कामाला मुखदर्शन लागत नाहीं. हिशेब विचारावयास चार ओळींचें पत्र पुरतें, सल्ला घ्यावयास आवाज पुरतो. मुख पाहावयाचें तें जिव्हाळ्यासाठीं किंवा खरोखर गरज असेल तेव्हां. आणि जो विद्यार्थी चित्र बंद ठेवून नुसतें ऐकूं मागतो, त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं गुरुजनांनीं एवढें आठवावें कीं, नभोवाणीपुढें बसलेल्या श्रोत्यांचा चेहरा वक्त्याला कधींच दिसला नाहीं, तरी ऐकणारे मन लावून ऐकत आलेच आहेत.