निसर्गदत्त महाराज : ज्ञानानंतरचा प्रपंच

निसर्गदत्त महाराज (१७ एप्रिल १८९७–८ सप्टेंबर १९८१). इंचगिरी संप्रदायातील अद्वैती सत्पुरुष आणि मुंबईच्या खेतवाडीतील विडी-तंबाखूचे दुकानदार. मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. आत्मज्ञान झाल्यावर घरदार सांभाळावे की सोडावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. महाराजांनी दोन्ही करून पाहिले आणि शेवटी दुकानातच परतले. त्यांच्या उपदेशावर बरेच लिहिले गेले आहे, म्हणून या नोंदीत भर त्यांच्या प्रपंचावर आहे.

वेदान्तात या अवस्थेला जीवन्मुक्ती म्हणतात. ज्ञानाने संचित जळते, पण फळ द्यायला लागलेले प्रारब्ध उरते. कुंभाराने हात काढला तरी चाक वेग संपेपर्यंत फिरत राहते, असा शंकराचार्यांच्या भाष्यातला दृष्टान्त आहे. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘जीवन्मुक्तिविवेक’ लिहिला. नुसत्या ज्ञानाने भागत नाही, वासनाक्षय आणि मनोनाशही साधावे लागतात, आणि त्यासाठी ज्ञान्यानेही संन्यास घ्यावा, अशी त्यांची मांडणी आहे. मराठी संतांचा कल सहसा उलट राहिला. पैठणचे एकनाथ गृहस्थच होते. स्वतः लग्न न केलेल्या रामदासांनीही दासबोधात आधी प्रपंच नेटका करण्यावर भर दिला.

दासबोधाचे वाचन इंचगिरी संप्रदायात नित्याचे आहे. निंबर्गी महाराजांपासून आलेल्या या परंपरेला जत तालुक्यातील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांनी रूप दिले आणि १८८५ मध्ये विजापूर भागात इंचगिरीचा मठ स्थापला. नावात मठ असला तरी अनुयायी बहुतेक संसारी. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले गुरुदेव रा. द. रानडे हे भाऊसाहेबांचेच शिष्य. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी नामस्मरणाच्या लांबच्या, मुंगीच्या वाटेऐवजी विचाराचा ‘विहंगम मार्ग’ पुढे आणला. गिरणी-पेढीवर दिवसभर राबून संध्याकाळी निरूपणाला बसणाऱ्या माणसांना हा मार्ग जवळचा वाटला यात नवल नाही.

मारुतीचे बालपण आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कांदळगावी शेतीच्या कामात गेले. शिक्षण जेमतेम झाले. १९१५ मध्ये वडील वारले आणि १९१८ मध्ये तो मोठ्या भावामागोमाग मुंबईला आला. कोकणातल्या हजारो घरांची ही त्या काळातली रीतच होती. काही काळ कारकुनी केल्यावर त्याने स्वतःचे दुकान टाकले. धंदा बरकतीला आला आणि दुकानांची संख्या आठावर गेली. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी विवाह झाला. पुढे तीन मुली आणि एक मुलगा झाला. १९३३ मध्ये एका मित्राने आग्रहाने सिद्धरामेश्वरांकडे नेले. ‘मी आहे’ या जाणिवेला चिकटून राहा, इतकाच गुरूंचा उपदेश होता, आणि आपण तो निमूटपणे पाळला, असे महाराज पुढे सांगत. ९ नोव्हेंबर १९३६ रोजी सिद्धरामेश्वर वारले, तोवर आत्मज्ञानापर्यंतचे सारे तीन-एक वर्षांत घडून गेले होते.

गुरू गेल्यानंतरच्या वर्षी त्यांनी दुकाने, बायको, मुले सोडून वाट धरली. अनवाणी फिरत, तीर्थे पाहत ते हिमालयाच्या दिशेने निघाले होते. वाटेत एक गुरुबंधू भेटला. त्याच्याशी बोलताना, संसारात राहून अलिप्त असणे हे पळून जाण्याहून मोठे आहे, हे त्यांना पटले. काही महिन्यांच्या भ्रमंतीनंतर १९३८ मध्ये ते मुंबईला परतले. मालक नसलेल्या धंद्याचे जे व्हायचे ते झाले होते. आठांपैकी एक दुकान उरले होते. घर चालवायला तेवढे पुरे आहे, म्हणून त्यांनी बाकीच्यांचा नाद सोडला. चरित्रकार या परतीला वैराग्याची परिसीमा ठरवतात. प्रस्तुत नोंदकाराला त्यात वैराग्याइतकाच व्यवहार दिसतो: चार लेकरांच्या बापाला गल्ला सांभाळणे भाग होते, आणि ज्ञान झाल्याने ते टळत नाही हे त्यांनी ओळखले.

पुढची जवळपास तीस वर्षे दुकान चालले. १९४२ ते १९४८ या काळात पत्नी आणि एक मुलगी, दोघींचे निधन झाले. त्यांनी हे दुःख अविचल मनाने सोसले, असे भक्त सांगतात. साक्ष देणारे सगळे भक्तच आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. १९५१ पासून ते अनुग्रह देऊ लागले, तरी विडीचे दुकान बंद झाले नाही. दिवसा गिऱ्हाईक, नंतर साधक, असा क्रम बरीच वर्षे चालला. दुकानातून ते निवृत्त झाले १९६६ मध्ये, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर.

त्यानंतर खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतल्या घराचा माळा हेच त्यांचे जग झाले. अरुंद जिन्याने वर गेले की गुरुपरंपरेच्या तसबिरी लावलेली बुटकी खोली, उदबत्तीचा वास, आणि त्यात मिसळलेला विडी-सिगारेटचा धूर. धूम्रपान महाराजांनी सोडले नव्हते आणि लपवलेही नव्हते. ते तापट होते. कुणी पुस्तकी प्रश्न विचारला की आवाज चढे, हातवारे होत, प्रसंगी सरळ बाहेर जायला सांगत. शांत, मंदस्मित संत पाहायला आलेल्यांचा इथे हिरमोड होई. मनोनाशाची विद्यारण्यांची कसोटी इथे लावायची तर निकाल काय लागेल, हे सांगणे अवघड आहे. महाराजांना स्वतःला ही कसोटी मान्य झाली नसती: राग येतो आणि जातो, ज्याला तो येतो ते मी नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा एकूण रोख असे.

या माळ्यावर पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन येऊ लागले. औंध संस्थानात राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याच्या प्रयोगात त्यांचा मोठा वाटा होता, आणि रमण महर्षींच्या सहवासातही ते राहिलेले होते. मराठीत झालेले संवाद ध्वनिमुद्रित करून त्यांनी इंग्रजीत उतरवले. १९७३ मध्ये मुंबईच्या ‘चेतना’ प्रकाशनाने ‘आय ॲम दॅट’ छापले. ‘सुखसंवाद’ हे त्याचे मराठी रूप. पुस्तकानंतर युरोप-अमेरिकेतून माणसांची रीघ लागली. महाराजांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे दुभाषी लागत. बँक ऑफ इंडियाचे निवृत्त उच्चाधिकारी रमेश बाळसेकर त्यांपैकी एक. जागा एवढीशी, म्हणून काही दिवस झाले की महाराज जुन्यांना निरोप देऊन नव्यांना बसवत. परदेशी लेखनात ‘विडीवाला ज्ञानी’ ही प्रतिमा पुढे फार गोंजारली गेली. गिरगाव-खेतवाडीत तिचे कुणाला अप्रूप नव्हते. तिथे विडी हा धंदा होता.

खरे कोडे पडे ते भजनाचे. सकाळ-संध्याकाळच्या संवादात देव, जग, गुरू-शिष्य, सारे नाकारणारे हे गृहस्थ दिवसातून चार वेळा झांजा घेऊन आरती-भजनाला उभे राहत, आणि तेही उड्या मारत, पूर्ण जोराने. तसबिरींना कुंकू लावणे, हार घालणे हेही रोजचे. ज्ञान झाल्यावर हे कशाला, असे अनेकांनी विचारले. त्यांचे उत्तर साधे होते: गुरूंनी करायला सांगितले आहे, म्हणून करतो, मला त्याची गरज नाही. यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नसे. अद्वैत कळल्यावर भक्ती गळून पडायला हवी ही अपेक्षा पुस्तकातून येते. मराठी परंपरेत मात्र ज्ञानोत्तर भक्तीची जागा ज्ञानेश्वरांपासून पक्की आहे, आणि महाराज त्याच घरातले होते.

१९८० च्या सुमारास घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. आवाज खोल जाईपर्यंत त्यांनी बोलणे चालू ठेवले. अखेरच्या वर्षातील संवाद जीन डन यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. दुखणे शरीराचे आहे, असे ते सांगत; पण ते नाही असे कधी म्हणाले नाहीत. निधन खेतवाडीतील घरीच झाले.

त्यांचे गुरुबंधू शेजारी ठेवून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. काडसिद्धेश्वर महाराज हे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे अधिपती होते आणि मठातच राहिले. रणजित महाराज (१९१३–२०००) मुंबईत हिशेबनिसाची नोकरी करत राहिले आणि निवृत्तीच्या वयानंतर निरूपणाला बसू लागले. त्यांच्याकडेही पुढे परदेशी साधक येत. तिघांचा गुरू एक, उपदेशही जवळपास एकच. ज्ञानापूर्वी ज्याचे जे काम होते, तेच त्याने ज्ञानानंतरही केले. सिद्धरामेश्वरांनी कुणालाही धंदा बदलायला लावला नव्हता.