ग्रंथालयाचें दार आणि विद्यार्थी

विद्यार्थी वाचीत नाहींत, ही तक्रार आपल्या समाजांत इतकी जुनी आहे कीं, ती करणाऱ्या गृहस्थास आपल्या वडिलांनींहि हीच तक्रार आपल्याविषयीं केली होती याचें स्मरण राहत नाहीं. पूर्वीं लोक नाटकांस व कादंबऱ्यांस दोष देत. पुढें तो चित्रपटांकडे गेला. हल्लीं तो मुलांच्या हातांतील दूरध्वनीच्या माथीं मारला जातो. दोष कोणाचा याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. ज्या ग्रंथालयांत मुलांनीं जावें असा आपला आग्रह आहे, तीं ग्रंथालयें आपल्याकडे कोणीं, कोणत्या वयांत व कशासाठीं काढलीं, एवढेंच या लेखांत पाहावें असा आमचा विचार आहे. तो इतिहास नीट ध्यानांत आला तर उपदेशाची अर्धी गरज सरते, असें आम्हांस वाटतें.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली. त्यापूर्वीं आपल्याकडे ग्रंथ नव्हते असें मुळींच नाहीं. मठांत, देवळांत आणि विद्वानांच्या घरीं पोथ्या होत्या व त्या जिवापाड जपल्या जात. परंतु पोथी ही घराण्याची किंवा संप्रदायाची ठेव होती. कोणीहि यावें, मागावी आणि वाचून परत करावी अशी ती वस्तु नव्हती. छापखाना आला आणि ही स्थिति पालटूं लागली. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें, नाशिकचें १८४० चें, पुण्याचें १८४८ चें आणि कोल्हापूरचें १८५० चें. पुण्याच्या संस्थेचें मूळ नांव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असें होतें, आणि त्या नांवावरूनच काळाची कल्पना येते. अशा संस्थांस इंग्रज अधिकाऱ्यांचें उत्तेजन असे. वर्गणी देणारे लोक बहुधा सुखवस्तु किंवा नोकरीपेशाचे असत. मराठींत छापलेलीं पुस्तकें तेव्हां थोडींच होतीं. दार उघडलें होतें, पण तें किलकिलें होतें.

तें उघडणाऱ्यांचीं वयें मात्र पाहण्यासारखीं आहेत. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेंत ज्यांनीं पुढाकार घेतला ते गोपाळ हरि देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, यांचा जन्म १८२३ चा. १८४८ सालीं ते अवघे पंचवीस वर्षांचे होते, आणि त्याच सालीं 'प्रभाकर' पत्रांतून त्यांचीं 'शतपत्रें' येऊं लागलीं. आपल्या लोकांच्या अज्ञानावर त्यांनीं जो कठोर प्रहार केला, तो ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा दुसरा उद्योग पुष्कळदां ठाऊक नसतो. लोकांस ज्ञान नाहीं असें नुसतें म्हणून ते थांबले नाहींत. ज्ञान मिळण्याची जागाहि त्यांनीं करून दिली. त्याच वर्षीं मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं आपल्या अध्यापकांच्या प्रेरणेनें साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठीं एक सभा स्थापिली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकीं, आणि त्यांचें वय तेव्हां बावीस-तेवीस वर्षांचें. निबंध वाचणें व चर्चा करणें यावर त्या तरुणांचें समाधान झालें नाहीं. सभेची मराठी शाखा निघाली, 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक १८५० त सुरू झालें, आणि त्याआधींच १८४९ सालीं सभेच्या सभासदांनीं मुलींच्या शाळा काढून त्यांत स्वतः शिकविलें. वाचनाची गोडी लागलेला विद्यार्थी एकटा कोपऱ्यांत बसून राहत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

यापुढील टप्पा ठाण्याचा. मुंबई विद्यापीठाच्या पदवी-परीक्षांतून मराठी त्या काळीं बाद झालेली होती, आणि तिला पुन्हां स्थान मिळावें म्हणून न्यायमूर्ति रानडे झटत होते. म्हणजे जो विद्यार्थी विद्यापीठांत शिके त्यास मराठी ग्रंथ वाचून एकहि गुण मिळावयाचा नव्हता, कीं नोकरींत त्याचा कांहीं उपयोग व्हावयाचा नव्हता. अशा वेळीं, १ जून १८९३ रोजीं, ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा व तो लोकांस वाचावयास मिळावा, हा त्याचा हेतु होता. त्याचे एक मुख्य संस्थापक विनायक लक्ष्मण भावे. त्यांचा जन्म १८७१ सालच्या नोव्हेंबरांतला. तेव्हां ग्रंथसंग्रहालय निघालें त्या दिवशीं त्यांस बाविसावें वर्ष चालूं होतें. त्यांचा अभ्यास विज्ञानाचा. त्याच विषयांत ते पुढें पदवीधर झाले. ज्या भाषेची परीक्षा नाहीं त्या भाषेचीं पुस्तकें जमविण्याचा नाद या विज्ञानाच्या विद्यार्थ्यास लागला, आणि त्यांतूनच आपल्या जुन्या वाङ्मयाचा इतिहास सांगणारा 'महाराष्ट्र सारस्वत' हा ग्रंथ लिहिणारा पुरुष तयार झाला. ठाण्याच्या मागोमाग १८९८ सालीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. आज आपण ज्या कपाटांपुढून घाईनें निघून जातों, त्यांच्या मुळाशीं परीक्षेच्या बाहेरचें वाचन करणारे हे तरुण आहेत.

इतकें झालें तरी एक प्रश्न उरलाच होता. ज्यास ग्रंथालय ठाऊक आहे व वर्गणी झेपते तो तेथें येईल; ज्यास यांपैकीं कांहींच नाहीं त्याचें काय? या प्रश्नाचें उत्तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलें. महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा. तेथून दत्तक जाऊन ते गादीवर बसले, आणि मग त्यांचें शिक्षण सुरू झालें. अक्षराची किंमत त्यांस अनुभवानें कळली होती. १९०६ सालीं त्यांनीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. परंतु शाळा सोडल्यावर वाचावयास कांहीं नसेल तर शिकलेलीं अक्षरें पुसून जातात, हें त्यांनीं ओळखलें. १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणून त्यांनीं राज्यभर ग्रंथालयांची रचना आरंभिली. बडोद्याच्या मध्यवर्ति ग्रंथालयांत स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं निराळे विभाग झाले. गांवकऱ्यांनीं ग्रंथालयासाठीं रक्कम जमविली तर सरकारांतून व पंचायतींतून तिला जोड मिळे. आणि जेथें ग्रंथालय नव्हतें तेथें पुस्तकांच्या पेट्या भरून पाठविल्या जात. त्या वाचून झाल्या कीं परत येत व दुसऱ्या गांवीं जात. वाचक दारापर्यंत येत नाहीं म्हणून त्यास दूषण न देतां दारच त्याच्याकडे नेण्याचा हा प्रकार होता.

याच बडोद्याशीं जोडलेली एक हकीकत सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईस चर्नी रोडच्या बागेंत एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसे. परळच्या चाळींतील एका खोलींत सारें कुटुंब राहत असल्यामुळें घरीं अभ्यासास निवांत जागा नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्म झाल्यामुळें शाळेंतहि त्याच्या वांट्यास अवहेलनाच येई. त्याच बागेंत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येऊन बसत. त्यांनीं या मुलाची विचारपूस केली, त्यास वाचावयास पुस्तकें दिलीं, आणि पुढें त्याच्या एका परीक्षेंतील यशाबद्दल त्याच्या समाजानें सभा भरविली तेव्हां आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें. हें चरित्र बडोद्याच्या ग्रंथमालेसाठीं लिहिलेलें होतें. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. केळुसकरांनींच पुढें सयाजीराव महाराजांकडे त्यांच्याविषयीं शब्द टाकला. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेस गेले. त्या भेट मिळालेल्या पुस्तकाचा आपल्या मनावर काय परिणाम झाला हें डॉ. आंबेडकरांनीं १९५६ सालीं, आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं, बुद्धावरील आपल्या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. त्याच वर्षाच्या १४ ऑक्टोबर रोजीं नागपुरास त्यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. एका शिक्षकानें एका मुलाच्या हातीं एक पुस्तक ठेवलें, त्याचा परिणाम कोठवर जातो याचा अंदाज त्या दिवशीं बागेंत कोणास आला असता?

या हकीकतींत आणखी एक माणूस आहे, आणि त्याचा विसर आपणां पालकांस पडूं नये. भीमरावांचे वडील रामजी सुभेदार यांची मिळकत बेताची होती. मुलानें एखादें पुस्तक मागितलें आणि गांठीस पैसे नसले, तर ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांच्याकडून उसने पैसे किंवा एखादा दागिना घेत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक आणून देत. निवृत्तिवेतन आलें कीं दागिना सोडवून परत करीत. आपण मुलांच्या शिकवणीचें शुल्क बिनतक्रार भरतों. परंतु क्रमिक पुस्तकाबाहेरचें पुस्तक मागितलें कीं "परीक्षा झाल्यावर पाहूं" असें उत्तर देतों. परीक्षा झाली कीं दुसरी परीक्षा येते, आणि मूल मागण्याचें सोडून देतें. मग तें वाचीत नाहीं अशी तक्रार करण्यास आपण मोकळे होतों.

आज परिस्थिति पुष्कळ अनुकूल आहे. महाराष्ट्र राज्यानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि सरकारी अनुदानावर चालणारीं वाचनालयें लहान गांवांतूनहि झालीं. दागिना गहाण टाकण्याची पाळी सहसा येत नाहीं. उणीव आहे ती केळुसकरांची. शिक्षकानें वर्गास 'वाचत जा' असें सांगणें निराळें आणि एका मुलाकडे पाहून 'हें पुस्तक तूं वाच' असें म्हणणें निराळें. पहिलें मुलें ऐकतात. दुसरें तीं लक्षांत ठेवतात. ग्रंथपालानेंहि नोंदवहींतील सहीवर न थांबतां, मागच्या पुस्तकांत काय आवडलें एवढें विचारावें. आईबापांनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ मुलांसह वाचनालयांत घालवावी व स्वतःसाठींहि पुस्तक घ्यावें. मुलें सांगितलेलें थोडें आणि पाहिलेलें फार करतात.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. ग्रंथालय ही वडीलधाऱ्यांनीं तुमच्यासाठीं बांधलेली शिस्तीची जागा आहे असें समजूं नका. लोकहितवादी पंचवीस वर्षांचे होते, भावे एकवीस पुरे झालेले होते, आणि बागेंत वाचीत बसलेला मुलगा तर शाळेंतच होता. ज्यांस वाचावयाचें होतें त्यांनींच या जागा केल्या. तेव्हां वाचनालयांत जातांना पाहुण्यासारखें बिचकून जाऊं नका; आपल्या वडिलार्जित घरांत जावें तसे जा. पहिल्या दिवशीं परीक्षेशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असें एक पुस्तक मागा. तें न आवडलें तर परत करा आणि दुसरें घ्या. आवडलें तर ज्यास तें ठाऊक नाहीं अशा एका मित्रास सांगा. ग्रंथालयें याच रीतीनें निघालीं, आणि तीं चालूं राहावयाचीं तर याच रीतीनें राहतील.