दावे सोडताना
(मराठवाड्याच्या सरहद्दीवरील स्थलांतर आणि मुकी जनावरे)

युद्धाचा इतिहास लिहिताना आपण माणसे मोजतो, गावे मोजतो, तोफा मोजतो. पळून जाणाऱ्या माणसाच्या हातात काय होते, याची नोंद सहसा होत नाही. आपल्या भागात ते बहुधा दावे असे आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला गाय, बैल किंवा शेळी. बीड जिल्ह्यात जनावरांना 'जित्राब' म्हणतात. जिवंत असलेले ते जित्राब. या शब्दात मालमत्ता आणि जीव या दोन्ही गोष्टी आल्या. युद्धाच्या धामधुमीत घर सोडणाऱ्या माणसापुढचा पेच याच शब्दात आहे. मालमत्ता टाकून पळता येते, जीव टाकून कसे पळायचे?

आपला मुलूख कायम सरहद्दीचा राहिला. 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांची खर्ड्याला लढाई झाली. ते खर्डा आज अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे, म्हणजे बीडच्या हद्दीला अगदी लागून. लढाई निकाली निघाली, तह झाला. पण एवढ्या मोठ्या फौजा ज्या शिवारातून जातात तिथला कडबा, दाणा आणि पाणी आधी संपते. फौजेच्या घोड्यांना, बैलांना, हत्तींना वैरण लागते आणि ती रयतेच्या गंजीतूनच जाते. पुढे पेंढाऱ्यांचा काळ आला. त्यांची स्वारी वाऱ्यासारखी येई आणि हाताला लागेल ते, जनावरांसकट, नेई. तेव्हा रयतेचा आसरा म्हणजे गावची गढी. मराठवाड्यात जुन्या गढ्यांचे पांढऱ्या मातीचे बुरूज अजून उभे आहेत. त्यांकडे आपण सरदारांची निवासस्थाने म्हणून पाहतो. पण गढीचा मोठा दरवाजा बैलगाडी आत जाईल एवढा असतो, आत आड असतो आणि मोकळे आवार असते. संकटात गाव आत घ्यायचे तर गावाची दावणही आत घ्यावी लागणार, हे बांधणाऱ्याने गृहीत धरलेले होते. मुक्या जीवांसाठीची व्यवस्था ही अलीकडची, शहरी हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एखादी गढी या नजरेने पाहावी.

आता 1947–48 कडे येऊ. तेव्हा बीड हा हैदराबाद संस्थानाच्या मराठवाड्यातील पाच जिल्ह्यांपैकी एक होता. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण निजामाने विलीन व्हायला नकार दिला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा हे त्यांच्या कार्याचे एक मोठे केंद्र राहिलेले. 29 नोव्हेंबर 1947 ला 'जैसे थे' करार झाला, तरी गावांतली परिस्थिती 'जैसे थे' राहिली नाही. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालच्या रझाकारांनी दहशत बसवली. लूट, जाळपोळ, खून यांच्या बातम्या गावोगाव पोचू लागल्या. दुसऱ्या बाजूने सरहद्दीवरच्या स्टेट काँग्रेसच्या शिबिरांतून कार्यकर्ते आत येऊन नाके आणि चौक्यांवर हल्ले करत. या दोहोंमध्ये सापडलेल्या सरहद्दीवरच्या गावकऱ्यांनी गाव सोडून हिंदी संघराज्याच्या हद्दीत जाण्याचा मार्ग धरला. कुणी मनमाडकडे गेले, कुणी नगर जिल्ह्यात, कुणी बार्शी-सोलापूरकडे.

नकाशा समोर ठेवला की या पलायनाचे खरे स्वरूप कळते. आष्टी तालुक्यातल्या माणसाला सीना ओलांडली की नगर जिल्हा. पाटोद्याच्या माणसाला जामखेड जवळ. गेवराईच्या पश्चिमेकडच्या गावांना शेवगाव-पाथर्डीची वाट. पण केज-अंबाजोगाईकडच्या माणसाला बार्शी गाठायची तर मांजरा ओलांडून उस्मानाबाद जिल्हा पार करावा लागे, आणि तोही निजामाचाच. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकाला अर्ध्या रात्रीची वाट होती, तर दुसऱ्याला कित्येक दिवसांची.

हे अंतर माणसाच्या पायाने मोजून चालत नाही. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते. बैलांना विसावा, रवंथ आणि पाणी दिले तर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. गाभण गाय कळपाच्या चालीने चालत नाही. नुकते जन्मलेले वासरू गाडीत घ्यावे लागते, आणि ते गाडीत घेतले की गाय मागे मागे येते. शेळ्या चपळ, पण रात्री ओरडतात. कोंबड्या डालग्यात घालून वर पोते टाकले की गप्प राहतात. कुत्र्याला बांधून नेले तर भुंकते आणि सोडून दिले तर गाडीखालून चालत येते. रात्रीच्या अंधारात हद्द ओलांडायची असेल तर बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून ठेवावी लागते. हे सगळे ज्ञान पुस्तकातले नाही. गुरे राखणाऱ्या पोरांना आणि धारा काढणाऱ्या बायांना ते ठाऊक असते. पलायनाच्या रात्री घरातला खरा जाणकार पाटील-कुलकर्णी नसून गोठ्यात वावरणारे माणूस असते.

वाटेत आणखी एक अडथळा होता. हैदराबाद हे स्वतःचे चलन आणि स्वतःची जकात असलेले राज्य होते. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते. हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा रुपये असा साधारण भाव होता. पलीकडे गेलेल्या माणसाच्या कनवटीला बांधलेल्या पैशाची किंमत हद्द ओलांडताच घटत होती. बैलाची किंमत मात्र घटत नव्हती. बैल कुठेही बैलच. लाल कंधारीची जोडी पलीकडच्या गावात भाड्याने औताला लावली तर चार दिवसांचे पोट भरे. दूध देणारी म्हैस म्हणजे लहान लेकरांचे अन्न. जनावर सोबत नेणे हा भावनेइतकाच पोटाचाही हिशेब होता आणि शेतकऱ्याने हे दोन हिशेब कधी वेगळ्या वह्यांत मांडले नाहीत.

पलीकडे आसरा देणाऱ्यांचे काय? माणसांना धर्मशाळा, शाळा, देवळे उघडता येतात. पोटाला पिठले-भाकरी घालता येते. पण शंभर माणसांबरोबर दोनशे जनावरे आली तर त्यांना वैरण कोण देणार? त्या काळी बुळकांडीची साथ आपल्या देशात घर करून होती. तिच्याविरुद्ध देशव्यापी लसीकरण मोहीम सुरू झाली ती 1954 मध्ये. दमलेली, उपाशी, नव्या ठिकाणी दाटीने बांधलेली परकी जनावरे गावच्या पाणवठ्यावर सोडायची, ही यजमान गावासाठी खरोखरची जोखीम होती. म्हणून निर्वासिताला ओसरी देणे सोपे आणि त्याच्या दावणीला जागा देणे अवघड. ज्यांनी ती जागा दिली त्यांनी लढ्याला दिलेला हातभार शिबिरांतल्या बंदुकांपेक्षा कमी नव्हता, असे माझे मत आहे.

याच सुमारास पंजाबात हे चित्र शंभरपट मोठे झाले होते. 18 सप्टेंबर ते 29 ऑक्टोबर 1947 या 42 दिवसांत पायी काफिल्यांनी 8 लाख 49 हजार माणसे भारतात आली आणि त्यांच्याबरोबर बैलगाड्या आणि गुरेढोरेही आली. आगगाडीने येणाऱ्याला गुरे आणता येत नव्हती. काफिला धोक्याचा आणि हळू असूनही शेतकरी त्यात सामील होत, त्याचे एक कारण हेच की त्यात बैलांना जागा होती.

मराठवाड्यातील लढ्याचा शेवट 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झालेल्या पोलीस कारवाईने झाला आणि 17 सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. बाहेर गेलेली कुटुंबे परतू लागली. पण इतिहास इथेच थांबवला तर तो अर्धा राहील. कारवाईनंतर संस्थानातल्या अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्याच वर्षाअखेर पंडित सुंदरलाल यांच्या समितीने दौरा केला. किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज आहे. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांत झाली आणि त्याखालोखालच्या जिल्ह्यांत बीडचे नाव आहे. लुटीची वर्णनेही त्या अहवालात आहेत. खेड्यातली लूट म्हणजे धान्य, भांडी आणि दावणीची जनावरे. रझाकारांच्या भीतीने जी गाय रात्री हाकत न्यावी लागली आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या दावणीतून जी गाय सोडून नेली गेली, त्या दोन गायींत फरक काय? मुक्या जनावराला धर्म नसतो, धनी असतो. धनी परागंदा झाला की ते निराधार होते. या मुलखाचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही दावणी पाहिल्या पाहिजेत.

आता थोडे बाहेर पाहू. सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच लंडनमध्ये लोकांनी आपली कुत्री-मांजरे दवाखान्यांत नेऊन रांगा लावून मारून टाकली. शहर सोडायचे, खाणे मिळणार नाही, बाँब पडणार या धास्तीने. त्या आठवड्यांत मेलेल्या प्राण्यांचे अंदाज चार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत आहेत. तेव्हा तिथे एकही बाँब पडला नव्हता. व्यवस्था नसली की प्रेम करणारा माणूसच घातक होतो, याचे याहून विदारक उदाहरण नाही. उलट्या टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. 2005 च्या कॅटरिना वादळात शहर न सोडलेल्यांपैकी 44 टक्के लोकांनी, प्राण्याला टाकून जायचे नव्हते हेही एक कारण सांगितले. त्यानंतर 2006 मध्ये तिथे कायदा झाला आणि सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा झाला. 'आधी माणसे, मग जनावरे' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे आहे. पण जनावराला जागा नसेल तर माणूसही येत नाही, हा त्यातून निघालेला धडा आहे.

2022 मध्ये युक्रेनमधून हाच प्रश्न आपल्या दारात आला. 'ऑपरेशन गंगा'च्या काळात 22 हजारांहून अधिक भारतीय परतले. बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली मुले, त्यांत महाराष्ट्रातलीही. काहींच्या सोबत कुत्री-मांजरे होती आणि त्यांना टाकून विमानात बसायला ती मुले तयार नव्हती. परदेशातून प्राणी आणायला आपल्याकडे ना-हरकत प्रमाणपत्र, लसीकरण, तपासणी यांची मोठी साखळी आहे आणि रेबीजचा धोका पाहता ती योग्यही आहे. पण सरकारने त्या वेळी एकवेळची सवलत दिली आणि प्राणी मुलांबरोबर आले. युक्रेनच्या शेजारी देशांनीही कागदपत्रांचा आग्रह सैल करून तपासणी व लस हद्दीवरच द्यायला सुरुवात केली. याआधी ऑगस्ट 2021 मध्ये काबूलच्या दूतावासावर पहारा देणारी माया, रूबी आणि बॉबी ही कुत्री आपल्या जवानांबरोबरच विमानाने परत आणली गेली होती.

समाजमाध्यमांवर तेव्हा काहींनी टीका केली, की माणसे अडकलेली असताना कुत्र्यामांजरांचे कसले लाड! बीडच्या माणसाने तरी असे म्हणू नये. आपल्याकडे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. गाडीत संसार, गाडीला बैल आणि गाडीमागे बांधलेली शेळी. दुष्काळात, अगदी 2018–19 मध्येही, चारा छावण्या उघडल्या तेव्हा त्यांत सर्वात पुढच्या जिल्ह्यांत बीड होते. त्या छावण्या जनावरांसाठी होत्या, पण दावणीशेजारी खाट टाकून म्हातारी माणसे आणि बाया महिनोन्महिने राहिल्या. जनावराला एकटे सोडायचे नाही, हा नियम त्यांना कुठल्या शासन निर्णयाने घालून दिला नव्हता.

आपल्या भाषेने तर हे केव्हाच ठरवून टाकले आहे. फौज उतरते ती छावणी आणि गुरे बांधतात तीही छावणी. त्यात तिसऱ्या अर्थाची, म्हणजे माणूस आणि जनावर एकत्र उतरतील अशा आसऱ्याची, भर घालणे आपल्या हातात आहे. पूर असो, युद्ध असो, गाव हलवण्याचे कागद तयार होतात तेव्हा त्यांत कुटुंबप्रमुख, स्त्रिया, मुले असे रकाने असतात. त्याशेजारी दावणीचा एक रकाना हवा. किती मोठी, किती लहान, किती गाभण, वैरण कुठून, लस कोण टोचणार. आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणी नोंदवणाऱ्या नव्या अभ्यासकांनी जुन्या माणसांना एक प्रश्न जरूर विचारावा. 'तुम्ही गाव कधी सोडले' एवढाच नको, 'सोबत कोण कोण होते' हाही विचारावा. उत्तरात माणसांच्या नावांपाठोपाठ गायीचे नाव आले, तर तेही लिहून घ्यावे.