मुद्दाम दिलेला हृदयविकाराचा झटका

१/ हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी वैद्यक आटापिटा करते. मात्र एका आजारात डॉक्टर स्वतःच रुग्णाच्या हृदयात छोटासा झटका घडवून आणतात. आजचा धागा त्याविषयी.

२/ १९५८ साली लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी काही तरुणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेकांना मृत्यू अचानक आला होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला स्नायूंचा पडदा विलक्षण जाड झालेला होता.

३/ त्याच सुमारास अमेरिकेत बेथेस्डा येथे शल्यचिकित्सक ग्लेन मॉरो यांनी असेच एक हृदय उघडले. रक्ताची वाट अडल्याचे तपासणीत स्पष्ट दिसले होते. पण थांबवलेल्या हृदयात अडथळाच सापडेना! कारण तो धडधडत्या हृदयातच निर्माण होतो. आकुंचनाच्या क्षणी जाड पडदा आणि त्याच्याकडे ओढली जाणारी झडप मिळून वाट रोखतात.

४/ पुढे मॉरो यांनी पडद्याचा फुगवटा कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. दैवदुर्विलास असा, की त्यांना स्वतःलाही हाच विकार होता. १९८२ साली त्यानेच त्यांचा अंत झाला.

५/ छाती न उघडता हे साधेल का? उलरिक सिगवार्ट यांनी १९८६ मध्ये लोझान येथे हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवले होते, म्हणजे नळीचे काम त्यांच्या हातचेच. पडद्याला रक्त पुरवणारी शाखा फुग्याने क्षणभर बंद केली, की अडथळा उतरतो, हे त्यांनी हेरले. मग ती कायमचीच बंद केली तर?

६/ जून १९९४, रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालय, लंडन. नळीवाटे त्या शाखेत शुद्ध अल्कोहोल सोडले गेले. तेवढा स्नायू मरतो, व्रण होऊन आक्रसतो, वाट मोकळी होते. पहिल्या तीन रुग्णांची हकीकत १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. (पिण्याच्या मद्याने मात्र हा अडथळा वाढतो.)

७/ धोका उघड होता. शाखा भलत्याच भागाला रक्त पुरवत असेल तर? म्हणून आधी रंगद्रव्य सोडून नेमका कोणता स्नायू उजळतो, हे इकोवर पाहण्याची पद्धत जर्मनीत विकसित झाली. हृदयाच्या विद्युत्-वाटाही याच पडद्यातून जातात. त्यामुळे काहींना पेसमेकर लागतो.

८/ मागे राहिलेला व्रण पुढे जीवघेणी अनियमित स्पंदने निर्माण करील, हा शल्यचिकित्सकांचा आक्षेप अनेक वर्षे गाजला. दीर्घ पाठपुराव्यात ती भीती बरीच निवळली. तरी तरुण रुग्णांसाठी अनुभवी हातांची शस्त्रक्रियाच बहुधा सुचवली जाते. आता अल्कोहोल लागते साधारण १ ते ३ मिलिलिटर.