फुलांचं कापड आणि तीन वर्षांचं मूळ

कपड्यांच्या नव्या कलेक्शनबद्दल बोलताना ‘निसर्गातून प्रेरणा’ आणि ‘स्वतःची वाढ’ हे शब्द हल्ली हमखास येतात. इतिहासाच्या अंगाने पाहायचं तर पहिला प्रश्न असा: कापडात निसर्ग नेमका कुठे आहे? नक्षीत, की रंगात? प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो.

आपल्या खानदेशाचंच उदाहरण घेऊ. आज खानदेश म्हटलं की जळगाव, धुळे, नंदुरबार डोळ्यांपुढे येतात. पण फारुकी सुलतानांची सुरुवात धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला झाली आणि पुढे त्यांची राजधानी झाली बुऱ्हाणपूर, जे आता मध्य प्रदेशात आहे. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी तिथे गेला. तो लिहितो की इथलं पारदर्शक सुती कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, पोलंडपर्यंत जातं. काहींवर रंगीत फुलं असतात आणि बायका त्याच्या ओढण्या करतात. म्हणजे निसर्गाचं ‘कलेक्शन’ साडेतीनशे वर्षांपूर्वीच निर्यात होत होतं!

पण ही व्यापाऱ्याची नोंद आहे. तिच्यात फुलं दिसतात, बाजार दिसतो. रंग कुठून आला ते दिसत नाही. त्यासाठी शेताकडे वळावं लागतं. सुती कापडाला पक्का लाल रंग देणारं एक देशी झाड म्हणजे आल. सातपुड्यापलीकडच्या माळव्यात त्याची शेती कशी होते, यावर विल्यम हंटर यांचा लेख १७९५ मध्ये छापून आला. रंग असतो मुळांच्या सालीत, आणि मुळं खणायची ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर वाट पाहायची. इथे ‘वाढ’ हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा लागतो.

पुढचा पुरावा रसायनशास्त्राचा. आलीतलं मोरिंडोन हे अँथ्राक्विनोन कुळातलं. तुरटीतलं ॲल्युमिनियम रंग आणि धागा यांना जोडतं, म्हणून धुतलं तरी रंग टिकतो. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमन यांनी याच कुळातलं, मंजिष्ठवर्गीय मुळांत सापडणारं अलिझरिन प्रयोगशाळेत तयार केलं. पुढे स्वस्त कृत्रिम लाल बाजारात आला आणि आलीची शेती मागे पडत गेली. तीन वर्षं थांबणाऱ्या शेतकऱ्याचं आणि रंगाऱ्याचं कामच गेलं.

आणि लाल म्हणजे नेहमी उत्सवच, असंही नाही. केशवपन केलेल्या विधवेच्या लाल वस्त्राला मराठीत आलवण म्हणत. नवरीच्या अंगावर जो रंग शुभ, तोच तिच्या अंगावर तिचं जगणं थांबवल्याची खूण. त्यामुळे रंगाचा अर्थ झाडात शोधून सापडत नाही. तो कोणी, कोणाला नेसायला लावला ते पाहावं लागतं.

संशोधनाचा विषय निवडताना हे एवढं करून पाहा. एकच कापड घ्या आणि त्याला चार प्रश्न विचारा: कोणी विकलं, कोणी पिकवलं, कोणी रंगवलं, कोणी नेसलं? जुन्या कागदांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळच आहे. चारपैकी ज्या प्रश्नाचं उत्तर सहज मिळत नाही, तिथेच बहुतेक वेळा तुमचा विषय असतो.