केसपेपरवरचा 'हर्पीस झोस्टर' म्हणजे आपली नागीण

दवाखान्याच्या कागदावरचे काही शब्द ओळखीच्याच आजारांचे असतात. 'मायाल्जिया' म्हणजे स्नायूदुखी, 'क्रॅम्प' म्हणजे पोटरीत येणारा गोळा. 'स्केबीज' म्हणजे खरूज. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. 'टिनिया' म्हणजे गजकर्ण. ही बुरशी. मेडिकलमधून मनानेच आणलेली स्टिरॉइडची ट्यूब लावली तर खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

'हर्पीस झोस्टर' म्हणजे नागीण. कांजिण्यांचा विषाणू अंगात दबून राहतो, तोच पुढे उठतो. नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो, हे खोटं. पण गेरू लावण्यात दिवस घालवू नयेत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झालेल्या चांगल्या. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, नजर जाऊ शकते.