११ ऑगस्ट १९६८ : ब्रिटिश रेल्वेची शेवटची वाफ

ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेच्या इंजिनाची अखेरची प्रवासी गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला जाऊन परत आली. तिकीट १५ गिनी, त्या काळी भलतेच महाग. तरीही गाडी भरली. रुळांच्या कडेने, पुलांवर, डोंगरउतारावर माणसे उभी होती. ज्या लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर १८३० मध्ये वाफेच्या गाड्यांचे युग बहरले, तिथेच त्याचा निरोप व्हावा, हे मनाला लागते.

दुसऱ्या दिवसापासून वाफेच्या इंजिनांना बंदी झाली. आधीच्या करारामुळे अपवाद एकट्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाचा.

त्या शेवटच्या गाडीच्या चार इंजिनांपैकी ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’सह तीन आज जतन केलेली आहेत. चौथे, ४४७८१ क्रमांकाचे, एका चित्रपटातील अपघाताच्या दृश्यासाठी रुळांवरून पाडले आणि मग भंगारात काढले. धडधाकट इंजिनाची अशी गत व्हायला नको होती.

आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यात तेव्हा कोळशाची नवी इंजिने घडतच होती. मीटरगेजची तर १९७२ पर्यंत.